वीसच्या खाली

आमचं लग्न झालं तेव्हा यांचे दोन्ही गुडघे चांगले होते. सुट्टी संपवून पलटणीत परत निघाले की खांद्यावर लोखंडी ट्रंक घेऊन हे फाट्यापर्यंत जवळजवळ पळतच जायचे. मागून येणारे थोरले दीर धापा टाकत ओरडायचे, "आरं, दम खा की जरा! एसटी काय तुला टाकून जात न्हाई." हे हसायचे आणि अजून जोरात चालायचे. मी दारातून बघत राहायची. अजूनही यांची आठवण काढली की चेहऱ्याच्या आधी मला ती चाल दिसते.

आमचं गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून. मी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. आमच्या बौद्ध वस्तीतून फौजेत गेलेले हे पहिले नव्हते, यांचे एक चुलते आधी जाऊन आले होते. पण दहावी होऊन गेलेले आणि दंडावर नाईकाची फीत लावून सुट्टीवर आलेले हे पहिले. एरवी गावातल्या ज्या ओट्यांवर आम्ही पाय ठेवत नसू, तिथून लोक यांना हाक मारायचे, "या फौजी, बसा." हे जाऊन बसायचे. घरी आल्यावर मला म्हणायचे, "वर्दीला बोलवून राहिलेत गं ते. मला न्हाई." पण त्यांना बरं वाटलेलं असायचं.

गुडघा गेला तो बर्फात. उंचावरच्या एका चौकीवर रसद पोचवायची होती. पाठीवर रॉकेलचे डबे बांधून माणसं एकामागं एक चालली होती. यांच्या पुढच्या जवानाचा पाय घसरला, त्याला धरायला हे वाकले आणि दोघंही खाली गेले. त्या जवानाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. यांचा उजवा पाय दोन दगडांच्या फटीत अडकला, अंग तसंच वळलं आणि गुडघा आतून पिरगळला. मला हे सगळं फार उशिरा, थोडंथोडं करून कळलं. त्या वेळी यांनी एवढंच कळवलं होतं की पडलोय, पायाला जरा लागलंय, काळजी करू नको.

लष्करी दवाखान्यात ऑपरेशन झालं. गुडघ्यातली गादी फाटली होती, ती काढून टाकली. त्यानंतर काही वर्षं यांना भांडारात बसून करायचं काम दिलं. मग हलक्या कामाची जागा उरली नाही म्हणून वेळेआधीच घरी पाठवलं. निघताना तीन डॉक्टरांचं बोर्ड बसलं. त्यांनी गुडघा तपासला आणि ठरवलं की हे अपंगत्व नोकरीमुळंच आलेलं आहे आणि ते तीस टक्के आहे. दोन वर्षांनी पुन्हा बोलावू, पुन्हा तपासू, असंही सांगितलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "तीस टक्के म्हणजे कशाचे? पायाचे की माणसाचे?"

"माणसाचे. आख्खा माणूस शंभर धरायचा. त्यातला तीस गेला."

"आणि बाकीचा?"

"बाकीचा तुझ्याकडं आलाय," असं म्हणून हे हसले. तेव्हा हसता येत होतं.

पेन्शनमध्ये त्या तीस टक्क्यांचा वेगळा भाग असायचा. माझा पगार होता, त्या भागावाचून आमची चूल अडली नसती. यांना मोल होतं ते 'नोकरीमुळं' या शब्दाचं. गावात कुणी विचारलं, "फौजी, पायाला काय झालं?" की हे ताठ होऊन सांगायचे, "ड्युटीवर गेला." विचारणारा मान हलवायचा. पुढं बोलायची गरज पडायची नाही.

हे घरी आले आणि पावसानं तोंड फिरवलं. पहिल्या साली उशिरा येऊन लवकर गेला. पुढच्या साली पेरलेलं उगवलंच नाही. त्याच दिवसांत लातूर जिल्हा झाला. आमचा तालुका उस्मानाबादेतून काढून लातुरात घातला. शाळेत मी पोरांकडून नव्या जिल्ह्याचं नाव पाटीवर लिहून घेतलं. एका पोरीनं विचारलं, "बाई, नव्या जिल्ह्यात पाऊस येईल का?" वर्ग हसला. मीही हसले.

यांचा गुडघा सकाळी आखडलेला असायचा. उठल्यावर भिंतीला धरून हळूहळू सोडवायला लागायचा. चाललं की आतून कटकट आवाज यायचा, संध्याकाळपर्यंत सुजून गरम व्हायचा. चालणं तरी जमायचं. जमत नव्हतं ते उकिडवं बसणं. आणि गावात कुणाच्याच घरी संडास नव्हता. चांगल्या सालात ज्वारीच्या, तुरीच्या रानात आडोसा असतो, जवळच कुठंतरी एखाद्या झाडाला धरून उरकता येतं. त्या साली रानं उघडी पडली होती. हे पहाटे उठून पार नाल्यापर्यंत जायचे. तिथं एका बाभळीची फांदी खाली वाकलेली होती. तिला धरून, उजवा पाय लांब करून, दुसऱ्या पायावर सगळा भार टाकून बसायचे. परत यायचे तेव्हा अंग घामानं भिजलेलं असायचं.

मी निलंग्याच्या सुताराकडून मधे भोक पाडलेलं एक लाकडी स्टूल करून घेतलं. यांनी ते उलटं-सुलटं करून बघितलं आणि विचारलं, "हे हातात घेऊन गावातून जाऊ?" मग दिरानं ते पोत्यात घालून नाल्याला नेलं आणि काट्यांखाली झाकून ठेवलं. थोड्याच दिवसांत कुणीतरी सरपणाला नेलं. कुणाला दोष द्यावा? त्या साली लोक झाडांची मुळंसुद्धा उकरून जाळत होते. हे पुन्हा बाभळीची फांदी धरायला लागले.

टँकर यायचा तो गावच्या विहिरीत पाणी ओतायचा. बाया, पोरं, म्हातारे सगळे घागरी घेऊन उभे. आमच्या वस्तीची रांग शेवटी लागायची. मी शाळेत असले की पाण्याला हे जायचे. फार वेळ उभं राहता येत नाही म्हणून एखाद्या दगडावर पाय पसरून बसायचे. पण तेव्हा लोकांना जाण होती. कुणीतरी म्हणायचं, "फौजीला भरू द्या आधी. त्यांचा पाय देशासाठी गेलाय." हे नको-नको म्हणायचे आणि भरून घ्यायचे.

दोन वर्षं झाली आणि फेरतपासणीचं बोलावणं आलं. दूरच्या छावणीतला लष्करी दवाखाना. आम्ही एसटीनं उदगीर गाठलं आणि तिथून रेल्वे धरली. यांनी आदल्या दिवशी दाढी करून घेतली होती, बूट घासून लख्ख केले होते, शर्टाला तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. मी म्हटलं, "लग्नाला निघाल्यासारखे काय निघालात?" तर म्हणाले, "साहेब लोकांपुढं जायचंय."

दवाखान्याच्या व्हरांड्यात बरीच माणसं बसली होती. बहुतेकांबरोबर कुणी ना कुणी आलं होतं. धर्माबादकडचे एक म्हातारे सुभेदार यांच्या शेजारी बसले. त्यांची कंबर गेलेली होती. मराठी बोलताना तेलुगूचा हेल यायचा. यांचे चकचकीत बूट बघून ते म्हणाले, "पाव्हणे, पहिल्यांदा आलात काय फेरतपासणीला?"

"हाव."

"मग ऐका माझं. आत जाऊन सावधान उभं राहू नका. काठी घेऊन जा. दुखलं तर ओरडा. तिथं तुम्ही जवान न्हाईत. तिथं तुम्ही एक पाय हायत, बस."

हे म्हणाले, "मला नाटक जमत न्हाई, साहेब."

"नाटक कोण सांगून राहिलंय? दुखतंय ते दुखतंय म्हणा."

नाव पुकारलं तसे हे उठले. काठी माझ्या हातात दिली. मी ती परत पुढं केली तर डोळ्यांनीच नको म्हणाले. दार लोटून आत गेले, तेव्हा मला यांची पाठ दिसली. कणा सरळ, हात शरीराला चिकटलेले. लंगडणं जवळजवळ दिसत नव्हतं.

फार वेळ लागला नाही. बाहेर आले तसे माझ्याकडं न थांबता चालत राहिले. मी पिशवी आणि काठी घेऊन मागं धावले. दवाखान्याचं वळण संपलं, आतली माणसं दिसेनाशी झाली, तेव्हा रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्याला धरून यांनी अंग सोडलं. चेहरा पांढरा पडला होता. पँटवरूनच गुडघा फुगलेला कळत होता.

"काय झालं आत?"

"तपासलं."

"काय तपासलं?"

गुडघ्यावर हात दाबत म्हणाले, "मधले साहेब बोलले, बैठो. मी बसलो."

"खुर्चीवर?"

"खाली. उकिडवा."

मला आधी कळेचना. घरात देवळीतला दिवा उचलायला वाकताना जो माणूस ओठ चावतो, तो तिथं उकिडवा कसा बसला? मी म्हटलं, "अहो, बसता येत नाही म्हणून तर आलोत ना आपण?"

"हुकूम दिला त्यांनी."

"आणि दुखतं का म्हणून विचारलं नाही?"

"विचारलं."

"मग?"

"नो सर, म्हणालो." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तीन साहेब समोर होते गं. तोंडातून तेच निघालं. इतकी वर्षं तेच निघालंय."

परतीच्या गाडीत शिरताना दोन हमालांनी यांना उचलून डब्यात घेतलं. उदगीरला उतरवून घ्यायला थोरले दीर बैलगाडी घेऊन आले होते. त्यानंतर बरेच दिवस हे अंथरुणावरच होते.

निकाल यायला उन्हाळा लागला. अपंगत्व वीस टक्क्यांच्या खाली आलेलं आहे, म्हणून पेन्शनमधला गुडघ्याचा भाग बंद. वीसच्या खाली गेलं की मग ते एकोणीस असो की एक, काहीच धरत नाहीत. यांनी तो कागद वाचून मला दिला, मी वाचला, घडी घातली. हे म्हणाले, "म्हणजे गुडघा बरा झाला."

मला वाटलं चेष्टा करताहेत. बघितलं तर चेष्टा नव्हती. एखादी बातमी कळावी तसं ते म्हणाले होते.

गावात अशा गोष्टी लपत नाहीत. पहिल्यांदा लोक चांगलंच बोलले, "बरं झालं की फौजी, पाय सुधरला म्हणायचा." यांनी त्यावर काय बोलावं? पाय सुधरला नाही म्हणावं तर सरकारला खोटं पाडायचं, सुधरला म्हणावं तर स्वतःला. मग एके सकाळी विहिरीवर टँकर आलेला असताना कुणीतरी नेहमीसारखं म्हणालं, "फौजीला भरू द्या." तर रांगेतला एक जण, चांगल्या घरचा, मोठ्यानं म्हणाला, "आता कामून? मिलिट्रीच्या डॉक्टरनंच पास केलंय त्यांना. इथं आमच्या म्हाताऱ्या उन्हात उभ्या हायत." कुणी हसलं नाही. कुणी त्याला गपही केलं नाही. हे दगडावरून उठले आणि जाऊन रांगेत सगळ्यांच्या मागं उभे राहिले. दुपारी मी शाळेतून आले तेव्हा घागरी भरलेल्या होत्या आणि हे भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. पायाखाली उशी होती. मी गुडघ्याला हात लावला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

अपील करायचं मीच ठरवलं. यांचं म्हणणं होतं, "त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. आता काय अपील करायचं?" मी म्हटलं, "त्यांनी एका दिवसातला तेवढा एक क्षण बघितलाय. मी रोज बघते." शेवटी तयार झाले.

माजी सैनिकांचं काम बघणारं ऑफिस आधी उस्मानाबादला होतं. आता नव्या जिल्ह्याचं वेगळं झालं होतं. लातूरला गेलो तर एका भाड्याच्या घरात ऑफिस निघालं. दारावरच्या पाटीचा रंग ओला वाटत होता, आत खुर्च्यांच्या सुतळ्या अजून सोडलेल्या नव्हत्या. तिथला कारकून स्वतः फौजेतून आलेला, माणूस चांगला. त्यानं चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुमच्या मालकांची फाइल आमच्याकडं अजून आलेलीच नाही. उस्मानाबादेत असेल." उस्मानाबादेत गेलो तर ते म्हणाले, "तुमच्या तालुक्याचं सगळं दप्तर आम्ही लातूरला पाठवलंय." पुन्हा लातूर. तो कारकून कपाळाला हात लावून म्हणाला, "अर्धी दप्तरं पोत्यात बांधून आलीत हो, ती कुठल्या खोलीत टाकलीत तेच कुणाला माहीत नाही." त्या उन्हाळ्यात आम्ही किती वेळा गेलो-आलो ते मी मोजलं नाही. एसटीत उजवा पाय ठेवायला जागा नसायची. हे पाय मधल्या वाटेत लांब करायचे, येणारा-जाणारा अडखळायचा, दरवेळी हे पाय गोळा करायचे. शेवटी फाइल सापडली आणि अपील गेलं.

अपिलाच्या उत्तराची वाट बघत असतानाच त्या कारकुनानं एक चांगली बातमी दिली. नव्या जिल्ह्याला नवी ऑफिसं होणार होती आणि ऑफिसांना पहारेकरी लागणार होते. माजी सैनिकांसाठी जागा राखून ठेवल्या होत्या. यांचं नाव पुढं गेलं, मुलाखत झाली, निवडही झाली. कितीतरी दिवसांनी यांना घरात शीळ घालताना मी ऐकलं. म्हणाले, "लातुरात खोली करू. तू बदली मागून घे. तिथं नळ हायत." मी नळाचा विचार केला नाही. मी संडासाचा विचार केला.

नेमणुकीआधी सरकारी दवाखान्यात तपासणी होती. तरुण डॉक्टर होता. त्यानं यांना टेबलावर झोपवलं, गुडघा हातात धरून हळूच फिरवला, आतला आवाज ऐकला, गुडघ्याखालचा पाय पुढं-मागं करून बघितला. मग मला म्हणाला, "हे असे किती दिवस चालताहेत?"

मी सांगितलं.

तो यांच्याकडं वळला. "काका, या गुडघ्यावर रात्रभर पहारा नाही देता येणार. चढउतार नाही, पळापळ नाही. मी तुम्हाला पात्र म्हणून लिहू शकत नाही."

हे उठून बसले. "साहेब, फौजेच्या डॉक्टरांनी तर लिहून दिलंय की पाय चांगलाय."

"फौजेचं मला माहीत नाही हो. माझ्या हाताला लागतंय ते मी लिहिणार."

मला त्या पोराचा राग आला नाही. उलट एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं होतं. मी त्याला म्हटलं, "साहेब, हेच सविस्तर लिहून द्याल का? आम्हाला अपिलाला जोडायचंय." त्यानं मन लावून लिहून दिलं. बाहेर आल्यावर हे पायरीवर बसले. समोरच्या टपरीवर लोक चहा पीत होते. हे म्हणाले, "फौजेला विचारलं तर मी चांगला हाय. नोकरीला विचारलं तर मी वाईट हाय. मग मी हाय तरी कोण?" मी काठी पुढं केली, त्यांनी ती धरली.

अपिलाचं बोर्ड बसणार असं कळलं आणि मी यांच्या मागंच लागले. "या वेळी बसायचं नाही. बसा म्हटले तरी बसायचं नाही. जमत नाही म्हणायचं." हे हो म्हणायचे. मला भरवसा वाटत नव्हता. मग मी घरात यांच्याकडून तयारी करून घ्यायला लागले. शाळा सुटल्यावर दार लोटून घ्यायची, खुर्चीवर बसायची आणि म्हणायची, "बैठो." हे समोर उभे असायचे.

"न्हाई जमत, साहेब."

"हिंदीत सांगा."

"नहीं होता, साब."

"खाली बघून नाही. त्यांच्याकडं बघून."

"नहीं होता, साब."

प्रत्येक वेळी हे वाक्य म्हणताना यांचा आवाज बारीक व्हायचा. पाठीवर डबे बांधून बर्फ चढलेला माणूस माझ्यापुढं उभा राहून, धडा पाठ न झालेल्या पोरासारखा, नहीं होता, नहीं होता म्हणत होता. एकदा म्हणता म्हणता थांबले आणि म्हणाले, "मेलेलं बरं गं याच्यापेक्षा." मी म्हटलं, "अजून एकदा म्हणा."

बोर्डाच्या दिवशी हे काठी घेऊन आत गेले. बूट घासले नव्हते. या वेळी बराच वेळ लागला. दार नीट लागलेलं नव्हतं, त्यामुळं मला आतलं ऐकू येत होतं. कुणीतरी कागद उलटत होतं. मग आवाज आला, "बैठ के दिखाओ."

"नहीं होता, साब."

"कोशिश करो."

"नहीं होता, साब." आवाज स्पष्ट होता. मी मनातल्या मनात हात जोडले.

पुन्हा कागदांचा आवाज. मग तोच साहेब, रागानं बोलत नव्हता, थकलेल्या माणसासारखा बोलत होता. "पिछली बार तो तुम पूरा बैठे थे. यहाँ लिखा है, दर्द नहीं. अब कहते हो नहीं होता. क्यों?"

आतून फक्त काठी फरशीवर सरकल्याचा आवाज आला.

"सच बोलो, जवान."

मला वाटलं आता सांगतील, साहेब, तुमच्या हुकमाखातर बसलो होतो. उठताना जीव जायची वेळ आली होती. एवढंच सांगायचं होतं. आम्ही घरात सगळी उत्तरं घोकली होती, पण हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता आणि यांना आयत्या वेळी उत्तर सुचलं नाही. किंवा सुचलं असेल आणि साहेबाच्या तोंडावर, तुमच्यामुळं, असं म्हणणं यांना जमलं नसेल. मला ते कधीच कळलं नाही, कारण मी पुढं कधी विचारलं नाही.

लातूरच्या डॉक्टरनं लिहून दिलेलं त्यांनी वाचलं. बाहेरच्या डॉक्टरचं मत आम्हाला बंधनकारक नाही, असं कुणीतरी म्हणालं. हे बाहेर आले. मी उठून उभी राहिले. हे म्हणाले, "चल. बहाणेबाज ठरलो."

अपील फेटाळल्याचं पुढं रीतसर कळवलं. तोवर आम्हाला माहीतच होतं.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. नाल्याला पाणी आलं, रानात ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली, लोक हसून बोलायला लागले. विहिरीवरचं ते बोलणं गाव विसरून गेलं. तो बोलणारा माणूससुद्धा नंतर एकदा घरी येऊन यांना पोरीच्या लग्नाचं आमंत्रण देऊन गेला. यांनी मात्र कुणाच्या ओट्यावर जाणं सोडलं. झेंडावंदनाला शाळेत बोलवायचे, आधी हे पदकं लावून यायचे, आता तेही बंद झालं. मी दोन-तीन सालं विचारलं, मग विचारणं बंद केलं. वर्दी ट्रंकेत होती, तिला कसर लागली. मी एकदा उन्हात घालायला काढली तर म्हणाले, "वाकळेला ठिगळ लावायला घे." मी घेतली नाही. पण परत घडी घालून ठेवताना मलाही तिचं काय करायचं ते कळत नव्हतं.

पुढं माझी बदली उदगीरला झाली. तिथं दोन खोल्या आणि खुर्चीसारखा संडास असलेलं घर मिळालं. इतक्या वर्षांची ती एक अडचण संपली, पण तोवर यांना बाहेर जायचंच नसायचं. दिवसभर खिडकीजवळ पाय लांब करून बसायचे. मी शाळेतून आल्यावर काय केलं दिवसभर म्हणून विचारलं तर म्हणायचे, "बसलो." शेजारी नवे होते. त्यांना हे फौजेत होते हे ठाऊकच नव्हतं, आणि मी सांगायला लागले की हे विषय बदलायचे. डावा गुडघाही हळूहळू गेला, इतकी वर्षं त्याच्यावरच सगळा भार होता.

मी निवृत्त झाले त्या सुमाराला पाय अगदीच वळेना. आमची मुलगी नांदेडला दिलेली आहे. तिनं हट्ट धरून आम्हाला तिकडं बोलावलं आणि हाडांच्या मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढले, काचेवर लावून बघितले. उजव्याचा फोटो त्यानं बराच वेळ बघितला. हाडावर हाड घासून कडा झिजून गेल्या होत्या.

"बाबा, हा जुना मार आहे," तो म्हणाला. "ऑपरेशनही झालेलं दिसतंय. कशानं झालं होतं?"

मी यांच्याकडं बघितलं. मुलीनंही बघितलं. डॉक्टर पेन धरून वाट बघत होता.

"बैलगाडीवरून पडलो," हे म्हणाले. "लहानपणी."

मुलगी काहीतरी बोलायला गेली. मी तिच्या हातावर हात ठेवला. डॉक्टरनं, बैलगाडीवरून पडून, असं लिहून घेतलं आणि विचारलं, "बाबा, जमिनीवर मांडी घालून बसता येतं का?"

"न्हाई," हे म्हणाले, "येत न्हाई," आणि भिंतीवर लावलेल्या हाडांच्या सापळ्याच्या चित्राकडं बघत राहिले.